महादेवरावांची सुतळीची गाठ

सिंदी रेल्वे ह्या गावाच्या बाजारपेठेत महादेवरावांचं जनरल स्टोअर्स आहे आणि रस्ता ओलांडला की बरोबर समोर माझं घर. एवढ्या एका कारणावरून मी जन्मापासून त्यांचं गिऱ्हाईक आहे. मला विचारलं कोणी नाही. माझ्या पाळण्याचं घुंगरू त्यांच्याच दुकानातून आलं होतं आणि मी जाईन तेव्हा सुतळीही तिथूनच येईल. त्यांनी ती मनातल्या मनात मोजून ठेवली असेल तर मला नवल वाटणार नाही.

महादेवरावांच्या वडिलांनी त्यांच्यासाठी दोन गोष्टी मागे ठेवल्या. पहिली, दुकानातली पाटी : ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. आणि दुसरी, एक शिकवण : गिऱ्हाईक खाली हातानं पायरी उतरलं, का लक्ष्मीबी त्याच्या संगं उतरते. पाटी भिंतीवर राहिली. शिकवण मात्र महादेवरावांच्या हाडात शिरली. एकदा भर पावसात कोणी छत्री मागायला आलं. छत्र्या संपल्या होत्या, म्हणून यांनी खुंटीवरची स्वतःची दिली आणि भिजत कोणाच्या बारशाला जेवायला गेले. मार्च महिन्यात कोणाला कॅलेंडर हवं होतं, तर भिंतीवरचं काढून दिलं; जानेवारी-फेब्रुवारीची पानं फाटली होती म्हणून दोन रुपये कमी घेतले. एक बाई लाटणं मागायला आली तेव्हा तर कमाल झाली. दुकानात लाटणं नव्हतं. महादेवराव आत गेले, पोळ्या लाटत बसलेल्या बायकोच्या, शोभाबाईंच्या, हातातून लाटणं काढलं, धोतराला पुसलं आणि कागदात गुंडाळून देऊन आले. त्या दिवशी घरात नुसता भात झाला.

“माह्यासाठी आजवर कोनी गिऱ्हाईक नाई आलं,” शोभाबाई म्हणाल्या, “एवढीच देवाची किरपा.”

हे सगळं ज्या हातानं बांधून दिलं जाई, तो त्यांचा उजवा हात म्हणजे गावातलं एक प्रेक्षणीय स्थळ होतं. छताला एक डबा टांगलेला, त्याच्या बुडाच्या भोकातून सुतळीचं टोक लोंबत असे. महादेवराव माल रद्दीच्या कागदात ठेवत, सुतळी ओढत, दोन वेढे, एक पलटी, बोटावर फास, झटका, आणि तट्‌ करून सुतळी तुटे. सगळं एका हातानं. डावा हात तेवढ्यात पुढच्या गिऱ्हाइकाला ‘बसा’ म्हणत असे. आम्ही पोरं पाच पैशांची बडीशेप घेऊन ‘बांधून द्या’ म्हणायचो, फक्त ते बघायला.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या सकाळी, महादेवरावांनी सुतळी ओढायला हात वर केला आणि तो वर गेलाच नाही.

लकवा. वर्ध्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढले. पाय सुधारला, जीभ सुधारली, पण उजवा हात परका झाला. मांडीवर ठेवला की नव्या व्याह्यासारखा अवघडून बसून राही. त्याला पिळायला रबरी चेंडू दिला होता. महादेवराव दोन दिवस तो पिळत बसले आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटाच्या नातवानं मागितला, तर दिला. फुकट नव्हे, हेही सांगायला हवं.

मुलगा हेमराज दुकान सांभाळत होता, म्हणून पुढच्या तपासणीला मी सोबत गेलो. व्यायामाच्या खोलीला लागून तिथं आणखी एक खोली आहे. आत कॅरम, बुद्धिबळ, मातीचा गोळा, रंगाच्या बाटल्या, एक ढोलकी. मला वाटलं आपण चुकून बालवाडीत आलो. तिथं दीपमाला नावाची एक तरुण मुलगी बसते. दुखण्यातून उठलेल्या माणसांना करमणुकीतून पुन्हा हिंडतं-फिरतं करणं, हे तिचं काम. तिनं फॉर्म पुढे ओढला.

“काका, छंद काय तुम्हाला?”

“दुकान.”

“दुकान सोडून?”

“दुकान सोडून मी कुठी गेलोच नाई.”

“नाही, म्हणजे सुट्टीच्या दिवशी काय करायचे?”

“सुट्टीच्या दिवशी अर्धं शटर.”

ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. मी हसलो. तिनं पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं, की नुसता चेंडू पिळून हात कंटाळतो, मन कंटाळतं, मग माणूस ते सोडून देतो. हाताला असं काहीतरी द्या ज्यात तुमचा जीव रमेल. रोज एक तास. “आणि एकच अट आहे, काका. ते विकायचं नाही. फक्त मजेसाठी.”

महादेवरावांनी विचारलं, “मंग करायचं कायले?”

ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या घरातच निघालं. त्यांची नात मयुरी, हेमराजची मुलगी, तेव्हा सातवीत जाणार होती. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरं लाकडी नंदी सजवून, चाकांवर ओढत, वाजतगाजत गावातून नेतात. सातवीनंतर पोरं स्वतःला मोठी समजतात आणि नंदीची दोरी हातात धरायला लाजतात. मयुरीनं तर जाहीरच करून टाकलं, “हे माह्यं शेवटलं साल. आन्‌ मले दुकानातला नंदी नाई पायजे. आबाजी, तुमी बनवून द्या.”

“माह्या हातानं चमचा उचलत नाई, पोट्टे.”

“मंग नंदी उचला.”

दुकानाला शटर बसवलं तेव्हा जुनी सागवानी चौकट काढून मागच्या अंगणात टाकली होती. बाबाराव सुतारानं त्यातला एक तुकडा कापून, ढोबळ डोकं, ढोबळ पाठ, वशिंडाचा उंचवटा काढून दिला. जाताना म्हणाला, “आता ह्याले घासत बसा. बैल बाहेर आला तं तुमचा, नाई आला तं लाकूड माह्यं.”

पहिल्या दिवशी शोभाबाईंनी महादेवरावांचा उजवा हात जुन्या लुगड्याच्या चिंधीनं पॉलिश पेपरच्या ठोकळ्याला बांधला. त्यावर डावा हात. आणि समोर, उलट्या बादलीवर, मयुरी. अशी मुकादम मी कापसाच्या जिनिंगमध्येही पाहिली नाही.

“आबाजी, हात झोपला तुमचा. उठवा त्याले.”

“उठून राह्यला ना वं.”

“कुठी उठून राह्यला? घोरून राह्यला तो.”

रोज संध्याकाळी पाच ते सहा. तीन महिने नुसती पाठच चालली होती. एका कानाला जाडी राहिली, दुसऱ्याला कान म्हणावं इतपतही काही उरलं नाही. डावं शिंग उजव्यापेक्षा बोटभर आखूड झालं. पोट मात्र फार सुरेख उतरलं, कारण मयुरीच्या म्हणण्याप्रमाणे आबाजींना मॉडेल शोधायला कुठं जावं लागलं नाही. तिनं नंदीचं नावही ‘सेठ’ ठेवलं.

आणि मग एक गोष्ट घडली जिची खबर सगळ्या पेठेत पसरली. एका संध्याकाळी गिऱ्हाईक अंगणापर्यंत आलं, म्हणालं, “शेट, सेफ्टी पिना हाय का?” आणि महादेवराव मान वर न करता म्हणाले, “हेमराजले इचारा.”

गिऱ्हाईक घाबरून माझ्याकडे आलं. तब्येत पुन्हा बिघडली का, विचारायला. मी जाऊन पाहिलं तर महादेवराव नंदीच्या पायाला फुंकर मारून भुसा उडवत होते आणि तोंडानं गुणगुणत होते. गाणं नव्हतं ते. सूर लागेल अशी काही त्यांची जमीन नाही. पण एकोणसत्तर वर्षांच्या त्या माणसाला रिकामा वेळ नावाची वस्तू पहिल्यांदा हाती लागली होती आणि तिची किंमत काय लावावी हे त्यांना कळत नव्हतं.

त्याच काळात केव्हातरी त्यांनी मला सांगितलं, की लहानपणी तान्हा पोळा त्यांनी कधी पाहिलाच नाही. म्हणजे पाहिला, पण फक्त पाय. सणाचा दिवस म्हणजे धंद्याचा दिवस. वडील त्यांना गल्ल्याजवळ बसवत, समोर झुली आणि घुंगरमाळा टांगलेल्या असत, आणि त्यांच्याखालून पोरांचे पाय आणि नंदीची चाकं जाताना दिसत. “कोनाचे पाय कोनते, हे बी मी वळखत होतो,” ते म्हणाले. मग मयुरीकडे पाहून, “औंदा मी हिच्यासंगं चालतो. पुरा गाव. दुकान बंद.”

“पुरं शटर?” मयुरीनं खात्री करून घेतली.

“पुरं.”

दर महिन्याला दीपमाला हात तपासत असे. पेला उचलता आला. शर्टाचं बटण लागलं. राहिली फक्त गाठ. दोरीची साधी गाठ बोटांना जमेना. “ती बसली की माझ्याकडून तुम्हाला सुट्टी,” ती म्हणाली. महादेवराव घरी येऊन छताकडे बघत. डब्यातून सुतळी लोंबत होती, पण हेमराज सगळं पिशवीत घालून देई.

पोळ्याच्या दोन दिवस आधी सेठ पुरा झाला. पांढरा रंग, निळी शिंगं, पायात चार चाकं, गळ्यात मयुरीनं ओवलेली घुंगरं. रंग वाळायला म्हणून तो दुकानाच्या काउंटरवर, पंख्याखाली ठेवला. मयुरी शाळेत होती. हेमराज गर्दीमुळे जेवायला राहिला होता तो आत गेला. “पाच मिनिटं बसा, बाबा,” म्हणाला. फक्त पाच मिनिटं.

तेवढ्यात अल्लीपूरचे पुंडलिकराव आले. सिंदीत लेक दिलेली, तिच्याकडे आले होते, परत निघाले होते. बैलांसाठी दोर घेतले, झूल घेतली. मग म्हणाले, “आन्‌ नंदी? नातवाले कबूल करून बसलो. सारी पेठ फिरलो, चांगला एकबी नाई उरला.” बोलता बोलता त्यांची नजर पंख्याखाली गेली. “हा पाह्य बरं! ह्याले म्हन्ते नंदी. खाली हातानं गेलो तं पोट्टं घरात घेत नाई मले.”

खाली हातानं.

पुढचं महादेवरावांनी मला नंतर कितीदा तरी सांगितलं आहे. त्यांनी ‘हो’ म्हटलं नाही. ‘नाही’ही म्हटलं नाही. त्यांनी रद्दीचा कागद ओढला. नंदी त्यात ठेवला. आणि उजवा हात आपणहून वर गेला. छतापर्यंत. सुतळी आली, दोन वेढे, एक पलटी, बोटावर फास, झटका.

तट्‌.

पुंडलिकराव पायरी उतरले. महादेवराव आपल्या हाताकडे बघत राहिले, आणि मग इतक्या मोठ्यानं ओरडले की मी समोरून धावत आलो.

“अवं शोभे! पाह्य वं! गाठ बसली! एका हातानं!”

शोभाबाई कणकेच्या हातानंच बाहेर आल्या. डोळ्यांत पाणी आलं बाईच्या. मीही तिथं उभा राहून टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या. मग शोभाबाईंनी काउंटरवर पाहिलं. पंखा रिकाम्या जागेवर फिरत होता.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “बांधलं काय पन?”

हेमराज उष्ट्या हातानं मोटरसायकल घेऊन स्टँडवर गेला. बस निघून गेली होती.

मयुरी शाळेतून आली तेव्हा तिला कोण सांगणार, ह्यावर घरात बराच वेळ कुजबूज झाली. शेवटी महादेवरावांनीच सांगितलं. मला वाटलं पोरगी आकांडतांडव करील, आणि मनातून मला ते हवं होतं. तिनं नुसतं दप्तर काढलं, अंगणात गेली आणि उलटी बादली सरळ करून ठेवली.

“उद्या आनतो मी त्याले,” महादेवराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जुन्या मारुतीतून आम्ही अल्लीपूरला गेलो. महादेवरावांनी धुतलेला शर्ट घातला होता. बटणं स्वतः लावली होती. खिशात नंदीचे पैसे, मांडीवर त्या नातवासाठी बॅटरीवर चालणारी मोटार. वाटभर ते काय बोलायचं ते पाठ करत होते. “पुंडलिकराव, माही चूक झाली. तो इकाचा नव्हता.” एवढंच वाक्य होतं. मी दहा वेळा ऐकलं. त्यात काही कठीण नव्हतं.

पुंडलिकरावांनी हात धरून घरात नेलं. चहा आला, चिवडा आला. अंगणात त्यांचा चार-पाच वर्षांचा नातू पियुष सेठला ओढत होता. एका चाकाला कुरकुर होती. महादेवराव त्याच्याकडे बघत होते. पुंडलिकराव म्हणाले, “बोला जी शेट, इतक्या दूर काऊन येनं केलं? नंदीत काई खोट राह्यली का?”

महादेवरावांनी तोंड उघडलं. आवाज लगेच निघेना. सगळे वाट बघत होते.

आता मी माणूस असा आहे, की चारचौघांत कोणी गप्प झालं की मला काहीतरी बोलल्याशिवाय राहवत नाही. मी म्हणालो, “छे हो! खोट असली तरी काय उपयोग? विकलेला माल परत घेतला जाणार नाही, अशी पाटीच आहे त्यांची!”

फार हशा पिकला. पुंडलिकरावांची बायको दाराआड हसली. पियुष कारण न कळता हसला. आणि सर्वांत शेवटी महादेवरावही हसले, तोंड मिटलं आणि म्हणाले, “चाकाले तेल देल्लं नव्हतं मी. त्याच्यासाठी आलो.”

मग ते अंगणात मांडी घालून बसले आणि बोटानं खोबरेल लावून चारही चाकं फिरवून पाहिली. पियुष त्यांच्या खांद्याला रेलून उभा होता. “ह्याचं नाव काय हाय?” त्यानं विचारलं.

“तुले वाट्टे ते ठेवजो,” महादेवराव म्हणाले.

परतताना बॅटरीची मोटार पियुषकडेच राहिली. पैसे खिशातच होते. पवनारच्या पुलावर गाडी आली तेव्हा महादेवराव म्हणाले, “मांगितला असता तं देल्ला असता त्यानं. भला मानूस हाय.” मी म्हणालो, “माझं चुकलं.” ते म्हणाले, “नाई जी. तुमी नसते बोलले तरी माह्या तोंडून निघालं नसतं. मांगनं मले येतच नाई. देनंच येते.” मी आयुष्यात पुष्कळ विनोद केले आणि त्यांतले बरेच पडले. अल्लीपूरचा पडला नाही, हेच दुःख आहे.

हेमराजनं वर्ध्याहून मोठा, चकचकीत नंदी आणला. दोन्ही शिंगं सारखी. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मयुरीनं तो सजवला, आईनं, सपनानं, ओवाळलं. महादेवराव चपला घालून, काठी घेऊन दारात तयार उभे होते.

“येतो मी.”

“राहू द्या, आबाजी,” ती म्हणाली. रागानं नाही. फार नीट म्हणाली. “दुकानात गर्दी राह्यन.”

खरंच गर्दी होती. महादेवराव आत जाऊन बसले. समोर झुली आणि घुंगरमाळा टांगल्या होत्या. मी रस्त्याच्या ह्या बाजूनं पाहत होतो, म्हणून मला सगळी मिरवणूक दिसली. त्यांना त्या माळांच्या खालून काय दिसलं असेल, ते मला माहीत आहे.

दीपमालानं पुढच्या तपासणीला दोरी पुढे केली. महादेवरावांनी एका हातानं गाठ मारून दिली. ती इतकी खुश झाली की शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना बोलावून आणलं. “काय बनवलं होतं, काका? दाखवायला आणा ना एकदा.”

“इकला,” महादेवराव म्हणाले.

तिनं दोरी गुंडाळून ठेवली. मग कागदावर ‘हात उत्तम’ असं लिहून तिनं सही केली. छंदाचा रकाना कोराच राहिला.

त्यांनी दुसरा नंदी केला. चौकटीचा उरलेला तुकडा होता. आता चिंधी लागली नाही, मुकादमही नव्हती, आणि काम दुप्पट वेगानं झालं. संक्रांतीपर्यंत तयार. दोन्ही कान कानांसारखे. पोटात मात्र ती मजा नाही; महादेवराव वाळले आहेत. मयुरी आता आठवीला वर्ध्याला वसतिगृहात असते. यंदा पोळ्याच्या सुट्टीत आली होती. दुकानात कपाटावर नंदी पाहिला, हातात घेऊन पाठीवरून बोट फिरवलं. म्हणाली, “मस्त झाला, आबाजी.” मग परत ठेवत, अगदी सहज, “इकून टाका ना. जागा अडते.”

महादेवराव ‘हो’ म्हणाले नाहीत. ‘नाही’ही म्हणाले नाहीत.

परवा मी ब्लेड आणायला गेलो होतो तेव्हा सेलूकडची एक बाई सामान घेत होती. तिनं कपाटाकडे बोट केलं. “तो नंदी केवढ्याले?”

“नाई जी, तो नाई.”

“द्या ना. लेकराले होते. जास्तीचे घ्या.”

महादेवरावांचा उजवा हात काउंटरवरून उठला. आपणहून, वर, सुतळीकडे. त्यांनी तो डाव्या हातानं मनगटाशी धरला आणि छातीशी दाबून ठेवला. बाई निघून पायरी उतरली तरी तसाच धरून होते.

बाई खाली हातानं गेली. तिच्या मागोमाग लक्ष्मी उतरली की नाही, ते मी पाहिलं नाही. मी ब्लेड मागितलं. महादेवराव म्हणाले, “हेमराजले इचारा.” दोन्ही हात गुंतले होते त्यांचे.